मालेगावचा कान, मुंबईचा मंच

जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर 'लोलापलूझा' हा महोत्सव भारतात पहिल्यांदा भरला, तेव्हा न्यू यॉर्कचा 'द स्ट्रोक्स' तिथे वाजवून गेला. मार्च २०२५ मध्ये त्याच मैदानावर 'ग्रीन डे' आला. त्याच्या दोन महिने आधी 'कोल्डप्ले'ने नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादेत दोन कार्यक्रम केले. त्यातला २६ जानेवारीचा कार्यक्रम घरोघरी मोबाइलवर थेट दिसला. पुढे जुलैत 'ओएसिस'चे दोन्ही गॅलाघर भाऊ सोळा वर्षांनी एका मंचावर उभे राहिले आणि कार्डिफमधल्या त्या रात्रीच्या चित्रफिती सकाळ व्हायच्या आत सगळीकडे पोचल्या. या बातम्या आणि ही गाणी मुंबईच्या रसिकाला ज्या घडीला मिळाली, त्याच घडीला वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या रसिकालाही मिळाली. हे मालेगाव नाशिकचं नव्हे. हे सोयाबीन-तुरीच्या मुलखातलं, जुन्या कागदपत्रांत मालेगाव जहांगीर म्हणून नोंदलेलं तालुक्याचं गाव आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव या तिन्ही तालुक्यांतून जातो. म्हणजे इंटरनेटची वाट होतीच, आता गाडीचीही झाली. तरी स्वतः लिहून, स्वतः चाल बांधून वाजवणारा एखादा बँड मुंबई-पुण्याहून निघून नागपूरला जाताना या भागात एक रात्र थांबेल आणि तिकीट लावून तासभर वाजवेल, अशी व्यवस्था आजही नाही.

माझं म्हणणं या एका उणिवेभोवती आहे. लहान गावांत इंडी रॉक, म्हणजे मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय स्वतः लिहून-बांधून वाजवलेला रॉक, रुजत नाही याचं खापर आपण आवडीवर फोडतो. इथल्या लोकांना ते कळत नाही, भाषा परकी आहे, अभिरुची तयार व्हायला वेळ लागेल, असं ऐकवलं जातं. पुरावे मात्र दुसरीकडे बोट दाखवतात. ऐकणारे आहेत, वाद्यं आहेत, वाजवणारे हातही आहेत. नाही ती एका गावाहून दुसऱ्या गावी नेणारी मंचांची साखळी. आणि या संगीताचा सगळा इतिहास तपासला तर ते रेकॉर्डिंगच्या खोलीत जन्मलेलं दिसत नाही, ते मंचावर जन्मलेलं दिसतं.

ज्या इंग्लिश बँडपासून इंडी रॉकच्या चळवळीची सुरुवात मानली जाते, त्या 'बझकॉक्स'चं उदाहरण घ्या. मँचेस्टरमधल्या या मुलांनी १९७६ च्या जूनमध्ये आपल्या शहरात 'सेक्स पिस्टल्स'चा कार्यक्रम ठरवला, तो लंडनहून कोणी पाठवायची वाट न बघता. छोटं सभागृह भाड्याने घेतलं, तिकिटं छापली. त्या संध्याकाळी आलेल्या मोजक्या श्रोत्यांतून पुढे मँचेस्टरचे अनेक बँड उभे राहिले. वर्षअखेरीस 'बझकॉक्स'ने उसनवारीने सुमारे पाचशे पौंड जमवून चार गाण्यांची 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्याच कंपनीच्या नावाने बाजारात आणली. तिच्या वेष्टनावर कोणतं गाणं कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झालं आणि त्यावर नंतर काय चढवलं, हे त्यांनी छापून टाकलं होतं. वाचणाऱ्याला कळावं की यात जादू नाही, हे तुम्हालाही जमेल. रेकॉर्ड कंपनीच्या मालकीबाहेर राहून गाणं करता येतं हे त्या वेष्टनाने शिकवलं. पण क्रम लक्षात घ्या. आधी सभागृह झालं, मग तबकडी झाली.

अमेरिकेतही असंच घडलं. 'आर.ई.एम.' हा बँड न्यू यॉर्कचा नव्हे, जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावचा. ५ एप्रिल १९८० रोजी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, वापरात नसलेल्या एका चर्चमध्ये ते पहिल्यांदा वाजले. त्यांचं पहिलं गाणं १९८१ मध्ये एका लहानशा स्थानिक कंपनीने काढलं. मधल्या काळात ते आजूबाजूच्या गावांत गाडी घेऊन हिंडत होते, जिथे जागा मिळेल तिथे वाजवत होते. 'निर्वाणा'चा उगम लाकूडतोडीवर जगणाऱ्या ॲबर्डीन या गावातला. महानगराशिवाय रॉक होत नाही ही समजूत रॉकच्याच इतिहासाला धरून नाही. महानगरात तो विकला जातो, वाढला मात्र बऱ्याचदा अशा गावांत, जिथे मुलांना वाजवायला एक खोली आणि ऐकायला पन्नास माणसं मिळाली.

महाराष्ट्राचा अनुभव हेच सांगतो, फक्त उलट बाजूने. १९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' सुरू झाला. उदय बेनेगल, महेश टिनईकर, मार्क सेल्विन, झुबिन बालापोरिया यांच्या या बँडने दुसऱ्यांची इंग्रजी गाणी वाजवणं सोडून स्वतःची लिहिली आणि १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' असं नाव घेतलं. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' भरू लागला. ज्या खुल्या नाट्यगृहात १९७८ पासून जॅझ यात्रा झाली, तिथेच कॉलेजातल्या पोरांचे बँड दर वर्षी उतरत. मुंबईच्या रॉकची एक अख्खी पिढी या एका जागेने घडवली. २००३ च्या सुमारास तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातले असे कार्यक्रम थांबले. महोत्सव उपनगरात गेला, मग खंड पडला, २०२२ मध्ये पुन्हा भरला. पण शहराच्या मधोमध, लोकलने येऊन परवडणाऱ्या दरात ऐकण्याची ती सोय परत आली नाही. पुण्यात २०१० पासून 'एनएच सेव्हन वीकेंडर'ने नव्या बँडांना मोठा मंच दिला. २०२४ च्या डिसेंबरातला तिथला महोत्सव ऐन तोंडावर रद्द झाला आणि वर्षभर त्या दोन दिवसांसाठी तयारी केलेल्या बँडांचं वर्षच वाया गेलं. सगळा डोलारा एकाच खांबावर उभा असेल तर असंच होणार. मुंबई-पुण्याची ही अवस्था असेल, तर मालेगावच्या मुलाने गिटार का घेतली नाही हा प्रश्न त्याला विचारणं न्यायाचं नाही.

पहिला आक्षेप भाषेचा आणि वर्गाचा येतो. रॉक म्हणजे इंग्रजी शाळेतल्या, महागडी गिटार परवडणाऱ्या मुलांचा छंद, त्याचं विदर्भातल्या तालुक्याशी काय देणंघेणं? ऐंशीच्या दशकापुरता हा आक्षेप खरा होता, हे मान्य करायलाच हवं. पुढे मात्र तो टिकला नाही. 'इंडियन ओशन'चा २००० सालचा 'कंदिसा' आणि केरळच्या 'अवियल'चा २००८ मधला मल्याळम अल्बम, हे माझ्या मते भारतीय भाषांतल्या रॉकचे दोन सर्वांत पक्के पुरावे. 'अवियल'चं एक अक्षर कळत नसलं तरी ते ओढून घेतं, कारण बोलीचा ठेका त्यांनी गिटारच्या मापात कोंबला नाही, गिटारच त्या ठेक्याला जुळवून घेतली. पुण्याचा 'अग्नी' हिंदीतून गायला. मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' तर संतांचे अभंगच बास गिटार आणि ड्रम्सवर वाजवतो, आणि चांगला वाजवतो. त्यांच्या वाजवण्यात टाळ-मृदंगाची लय मोडलेली नाही. बासची ओळ मृदंगाच्या खर्जाची जागा घेते आणि गाणारा सुटा होतो. माझी एकच तक्रार आहे. जुन्या रचनांवर नवी वाद्यं चढवण्यापुरताच मराठी रॉक थांबला, तर आजचं मराठी गाणं लिहिणार कोण? पीकविमा, भरती परीक्षा, पुण्याला गेलेला भाऊ, महामार्गात गेलेलं शेत यांच्यावर मराठीत गिटार घेऊन गायला हवं. ते लिहिणारा माणूस पुण्याच्या कोरेगाव पार्कात सापडण्यापेक्षा मालेगाव-रिसोड रस्त्यावर सापडण्याची शक्यता जास्त आहे.

राहिला वाद्यांचा प्रश्न. इथे आपण डोळ्यांसमोरची गोष्ट बघत नाही. लग्नाच्या वरातीत वाजणारा बेंजो जवळून बघा. मुळात तो बुलबुलतरंग. जपानमध्ये १९१२ साली निघालेल्या एका तंतुवाद्याचा हा वंशज. टंकलेखन यंत्रासारख्या कळा डाव्या हाताने दाबायच्या, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. आपल्या कारागिरांनी त्याला पिकअप लावला, वायर काढली, अँप्लिफायरला जोडली, आवाजाला धार यावी म्हणून इफेक्टची पेटी लावली. शेजारी कीबोर्ड, मागे ड्रम, ताशा, ढोल. हे सगळं गाडीवर चढवून, स्वतःच्या जनरेटरवर, रस्त्याने चालत वाजवायचं. विजेवरचं तंतुवाद्य, तालवाद्यं, स्पीकर, स्वतःची गाडी आणि कुठल्याही कंपनीशी करार नाही. रॉक बँड याहून वेगळा काय असतो? नागपूरकडची धुमाल पार्टीही याच घराण्यातली. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट या वादकांवर काढला, तेवढ्यापुरती चर्चा झाली आणि संपली. या वादकांचे हात विलक्षण वेगाचे आहेत, कान तर त्याहून तयार आहेत. सिनेमातलं गाणं चार वेळा ऐकून ते जसंच्या तसं उतरवतात. कमी आहे ती स्वतःच्या चालीची, आणि ती यासाठी कमी आहे की वरातीत कोणी नवी चाल मागत नाही. नवी चाल ऐकायला लोक बसलेले हवेत.

बसून नवं गाणं ऐकण्याची परंपरा या भागात आहे, आणि ती आंबेडकरी जलशांनी, भीमगीतांनी जिवंत ठेवली आहे. वामनदादा कर्डक १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले आणि २००४ मध्ये गेले. मधली कित्येक दशकं त्यांनी गावोगाव फिरून हजारो गाणी लिहिली, गायली. विदर्भात नागोराव पाटणकरांनी कव्वालीच्या बाजाने हेच काम केलं. दुय्यम कव्वालीच्या सामन्यात दोन पार्ट्या एकाच मंचावर रात्रभर एकमेकींना सवाल टाकत आणि उत्तर तिथल्या तिथे रचावं लागे. गाणं कंपनीच्या दारातून आलं नाही, जयंतीच्या मंचावरून आलं. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पथारीवर विकल्या गेलेल्या कॅसेटींनी ते पुढे नेलं. स्वतः लिहिणं, स्वतः गाणं, स्वतः विकणं, या तिन्ही कसोट्या लावल्या तर महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं आणि भक्कम इंडी संगीत हेच आहे, असं मी ठामपणे म्हणेन. संगीतावर लिहिणाऱ्या मराठी नियतकालिकांनी त्याची नोंद ज्या थाटात घ्यायला हवी होती, त्या थाटात घेतली नाही. चेन्नईत २०१७ मध्ये पा. रंजित आणि तेनमा यांनी 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' उभा केला, तेव्हा 'गाना' हा तिथला लोकगीतप्रकार गाणारे आणि रॉक वाजवणारे एका मंचावर आले आणि देशभर त्याची वाहवा झाली. महाराष्ट्रात कबीर शाक्य यांच्या 'धम्म विंग्ज'ने बुद्ध-भीमगीतं रॉकमध्ये आणली. धागा जुळण्याजोगा आहे. फक्त जुळवायला जागा पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मंच हवाच कशाला? फोन आहे ना! जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोडने २०२४ मध्ये 'गुलाबी साडी' स्वतः लिहून, गाऊन देशभर गाजवलं. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या 'स्पिनिन रेकॉर्ड्स'ने जगभर नेलं. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर गायल्या आणि मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितींनी त्या घराघरात गेल्या. संजू राठोड बंजारा समाजातला, आणि त्या समाजाची काशी मानली जाणारी पोहरादेवी याच वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात आहे. इथल्या मुलांना त्याच्या यशाने केवढं बळ दिलं असेल हे सांगायला नको. मी या यशाला कमी लेखत नाही. पण ही गाणी कशी बनतात ते बघा. एक गायक, एक संगणक, एक बीट करणारा. दोघा-तिघांत, एका खोलीत काम उरकतं. बँडचं काम असं उरकत नाही. चार-पाच जणांनी वर्षानुवर्षं एकत्र वाजवल्यावर, कोण कुठे थांबतो आणि कोण कुठे उसळी घेतो हे अंगात मुरल्यावर तो आवाज येतो. कार्यक्रमाची तारीख नसेल तर आठवड्याला तीन दिवस तालमीला कोण येईल? पहिल्या वर्षी हौस टिकते, दुसऱ्या वर्षी एक जण पुण्याला नोकरीला जातो, तिसऱ्या वर्षी ड्रम विकायला निघतो.

शिवाय फोनवरचं दुकान आपलं नसतं. 'स्पॉटिफाय' फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं. २०२४ पासून त्यांचा नियम असा की वर्षभरात हजारापेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला काहीच मोबदला नाही. लहान गावातला नवा बँड नेमका याच हजाराच्या आत असतो. 'रेसो' आणि 'विंक' ही ॲप २०२४ मध्ये बंद पडली आणि लोकांनी जपून केलेल्या याद्या त्यांच्याबरोबर गेल्या. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला हक्क दिला ही फार मोठी गोष्ट आहे, पण तो हक्क बजावायला आधी गाणं कुठेतरी वाजावं लागतं. तीनशे माणसांनी पन्नास रुपये तिकीट काढलं तर पंधरा हजार रुपये त्याच रात्री हातात पडतात. तेवढ्याच रकमेसाठी ॲपवर किती लाख वेळा गाणं ऐकलं जावं लागेल, याचा हिशोब कुठल्याही नव्या बँडने एकदा मांडून बघावा.

पण तीनशे माणसं येतील का, तीही तिकीट काढून? हा तिसरा आक्षेप मुख्यतः शहरातून येतो आणि त्याचं उत्तर विदर्भातच आहे. झाडीपट्टीची रंगभूमी बघा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो तो होळीच्या आसपास संपतो. वडसा म्हणजे देसाईगंजात नाटक मंडळ्यांची कार्यालयं. गावातलं मंडळ नाटक ठरवतं, शेतात मंडप पडतो, लोक तिकीट काढून रात्रभर बसतात. शंकरपटाच्या दिवशी नाटक ठरलेलंच. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. ना मुंबईची नाट्यगृहं, ना वाहिन्यांची मदत, तरी शेकडो कलावंतांचं घर यावर चालतं. पिकाचा पैसा हातात आल्यावर गावाला करमणूक हवी असते आणि तिच्यासाठी मोजायची तयारीही असते, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध झालं आहे. नावबंधू असलेल्या नाशिकच्या मालेगावानेही तेच दाखवलं. नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, आणि त्यांचा तो खटाटोप २०२५ मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'मुळे जगापुढे आला. सगळे त्यांच्या जिद्दीचं कौतुक करतात, ते रास्तच आहे. पण त्यांच्या हाताशी व्हिडिओ पार्लर होतं, हे विसरून चालणार नाही. पडदा आधी होता, म्हणून सिनेमा झाला.

आवाजाचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. डीजेच्या भिंतींनी गावोगाव जो उच्छाद मांडला आहे, त्यात आणखी एका कर्कश प्रकाराची भर नको, असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं आणि दहावीच्या मुलीचं बरोबर आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, सरकारने ठरवलेले वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट. हे नियम बँडने पाळलेच पाहिजेत, आणि ते पाळणं त्याच्या फायद्याचंही आहे. छपराखालचं लहान सभागृह, संध्याकाळी सात ते साडेनऊ, दोन बेताचे स्पीकर, एवढ्यात इंडी रॉक उत्तम ऐकू येतो. किंबहुना शब्द कळायचे असतील तर एवढाच आवाज लागतो. डीजे पुढच्या माणसाला नाचवतो, त्याच्याशी बोलत नाही. इथे बोलणं हाच उद्देश आहे.

तेव्हा करायचं काय ते अवघड नाही. वाशीम, अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ हे पाचही जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. विद्यापीठांच्या युवा महोत्सवांत पाश्चात्त्य गायनाचे आणि वादनाचे गट वर्षानुवर्षं आहेत. त्यांच्या जोडीला स्वतः लिहिलेल्या, स्वतः बांधलेल्या गाण्याचा, भाषेचं बंधन नसलेला एक गट विद्यापीठाने सुरू करावा आणि त्यात निवडलेल्या बँडांना पाचही जिल्ह्यांच्या कॉलेजांत एकेक संध्याकाळ द्यावी. नागालँड सरकारने संगीताला रोजगाराचं क्षेत्र मानून हॉर्नबिल महोत्सवात रॉकला जागा दिली. आपल्याकडे एवढं मोठं पाऊल लागलीच पडेल अशी माझी अपेक्षा नाही. पण जयंती मंडळं, गणेश मंडळं आणि दुर्गोत्सव मंडळं यांच्याकडे मंडप असतो, वीज असते, वर्गणी असते आणि गर्दीही असते. मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा इथल्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या वर्षी डीजेच्या सुपारीतून एका रात्रीचे पैसे बाजूला काढा आणि तुमच्याच तालुक्यातल्या बेंजोवाल्याला, कव्वालाला, गिटार शिकलेल्या कॉलेजच्या मुलीला सांगा की तास तुझा, अट एकच, गाणं तुझं स्वतःचं पाहिजे. त्या रात्रीचं तिकीट ठेवा, दहा रुपयांचं असलं तरी चालेल, पण फुकट ठेवू नका.